जूदरंज

गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गात एका शब्दापाशी थांबलो. शब्द होता 'जूदरंज'. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. त्यामुळे उर्दूत काही नवं आलं की मुलं विचारतातच, "टीचर, इसको मराठी में क्या बोलते?" मी फारसा विचार न करता फळ्यावर लिहिलं, 'चिडका'.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मतलब ये!" सगळा वर्ग एका मुलाकडे बघून हसला. तो उठला, दप्तर घेतलं आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मीही हसत म्हणाले, "बघा, उदाहरण समोरच आहे."

घरी आल्यावर मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. फारसीत 'जूद' म्हणजे लवकर आणि 'रंज' म्हणजे दुःख. ज्याला पटकन दुःख होतं तो जूदरंज. यात राग कुठे आहे? तो मी माझ्या पदरचा घातला होता. त्याचाच भाऊबंद शब्द 'तुनुकमिजाज'. 'तुनुक' म्हणजे पातळ, नाजूक. 'मिजाज' अरबी, मूळ अर्थ मिश्रण. युनानी वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांच्या मिश्रणावरून माणसाचा मिजाज ठरतो. मराठीत येता येता त्याची 'मिजास' झाली, म्हणजे ताठा. दुखावलेल्या माणसालाही आपण असंच करतो. आधी चिडका म्हणतो, मग मिजासखोर.

मला माझं बी.एड.चं वर्ष आठवलं. मराठीच्या पाठाला मी 'शाळा' म्हणायला जायचे आणि तोंडून 'शाला' निघायचं. सोबतच्या मुली माझी नक्कल करायच्या. एकदा मी डबा न खाता उठून गेले, तर म्हणाल्या, "अगं, गंमत केली. इतकं काय मनाला लावून घेतेस?" नक्कल विसरली गेली, माझं उठून जाणं तेवढं लक्षात राहिलं. 'फार हळवी आहे' हा शिक्का वर्षभर पुसला नाही.

आणि या मुलालाही 'ळ' जमत नाही. जूनपासून मी त्याचा 'ल' त्याच्याच सुरात म्हणून दाखवत होते, सुधारणा म्हणून. वर्ग हसायचा तो तिथूनच शिकला.

प्रत्येक रुसवा खरा असतो असं मी म्हणत नाही. लटके रुसवेही वर्गात रोज बघते. पण समोरचा जूदरंज आहे की आपण लागट बोललो, हे आधी तपासायला हवं. उर्दूत त्यालाही शब्द आहे, दिलआजारी, म्हणजे दुसऱ्याचं मन दुखावणं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. म्हणाले, "कालचा अर्थ चुकला होता. आणि काल दुसरा शब्द माझ्यासाठी होता." वर्ग गप्प झाला. त्या मुलानं मान वर केली नाही, फक्त वहीत दोन्ही शब्द उतरवून घेतले.

अजून तो माझ्याशी मोकळं बोलत नाही. मीही घाई करत नाही.