आत नेण्याआधी

नर्सिंगला पेशंट सांभाळायला शिकवतात. व्हेंटिलेटर, सेंट्रल लाईनचं ड्रेसिंग, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळ्याची प्रॅक्टिकल होतात. नातेवाइकांना आयसीयूत कसं न्यायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. ते थोडं सीनियर सिस्टरांचं बघून आलं, बाकीचं नातेवाइकांच्या चेहऱ्यांवरून.

भेटीची वेळ जवळ आली की बाहेरच्या पॅसेजमध्ये चटया गुंडाळल्या जातात आणि पास कोणी घ्यायचा यावर कुजबुज सुरू होते. त्या वेळी आत माझी वेगळी घाई असते. नळीच्या चिकटपट्टीखाली साचलेली लाळ पुसायची, ओठांच्या कोपऱ्यातलं सुकलेलं रक्त ओल्या गॉजने काढायचं, लघवीची पिशवी चादरीआड सरकवायची, केस विंचरायचे. यातलं काहीही चार्टवर लिहायला जागा नसते. तरी मी याला कामच म्हणते.

मग दारात दोन मिनिटं. आत काय दिसणार ते आधी सांगायचं आणि सगळ्यात आधी हातांचं सांगायचं. ‘बाबांचे हात पट्टीने कॉटला बांधलेत. गुंगीत माणूस नळी उपसतो, म्हणून. चेहरा सुजलेला दिसेल. तोंडात नळी आहे, बोलता येणार नाही. मधूनच एखादं मशीन वाजेल, घाबरू नका, आम्ही बघतो.’ बापाचे बांधलेले हात न सांगता दिसले, तर पुढचं काहीच मुलाच्या कानात शिरत नाही. उलट, आधी कळलं असेल तर तोच मुलगा विचारतो, ‘मी बसलोय तोवर एक हात सोडता का?’ बहुतेकदा सोडता येतो.

आत आल्यावर माणसं पायाकडेच थांबतात आणि नजर मॉनिटरवर खिळते. आकडा खालीवर झाला की यांचा जीव खालीवर. मी सरळ मॉनिटरच्या आड उभी राहते आणि ज्या हाताला सलाईन नाही तो दाखवते, ‘हा धरा.’ ‘त्यांना ऐकू येतं का हो सिस्टर?’ हा प्रश्न ठरलेला. गुंगीत किती ऐकू येतं ते छातीठोक सांगता येत नाही. पण बरे होऊन गेलेले कित्येक जण नंतर आवाजांच्या आठवणी सांगतात, म्हणून मी बोलायला लावते. लोकांना बोलायला सुचत नाही, ते नुसतं ‘बाबा, बाबा’ करतात. एका आजींना अगदी सहज जमलं. विहिरीची मोटर रिवाइंड करून आणली, गाय व्यायली, कालवड झाली, हे त्या आजोबांना असं सांगत होत्या, जणू ते गावाला गेले होते.

अशा साध्या बातम्यांना औषधाची किंमत आहे. आयसीयूत दिवस-रात्रीचा हिशेब सुटतो. छतावर मुंग्या दिसतात, सिस्टर विष घालतेय असं वाटतं. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. याला डेलिरियम म्हणतात आणि बहुतेकांचं ते ओसरतं. ओळखीचा आवाज, आज वार कोणता, सकाळ की संध्याकाळ, डोळ्यावर स्वतःचा चष्मा, कानात स्वतःचं यंत्र यांनी फरक पडतो. हा चष्मा पुष्कळदा घरी कपाटात असतो.

आयसीयूची सुरुवात 1952 च्या कोपनहेगनपासून मोजतात. पोलिओची साथ होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास देण्याचा मार्ग काढला आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. आपल्याकडे व्हेंटिलेटर रिकामा नसला की ती पिशवी अजूनही नातेवाइकाच्या हातात येते. ही टंचाई आहे, तिचं कौतुक नको. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. पिशवी दाबणारा मुलगा दमतो, रडतो, पण आमच्यावर संशय घेत नाही. संशय येतो तो बाहेर बाकावर बसून फक्त सह्या करणाऱ्या आणि पैसे भरणाऱ्याला. त्याचं तरी काय चुकतं?

म्हणून मी काम देते. पायाला तेल लावा, नखं कापा, डॉक्टर हो म्हणाले तर ओठ ओले करा. तीर्थ आणलं असेल तर कपाळाला लावू देते, तोंडात मात्र थेंबही नाही, तो फुप्फुसात जाऊ शकतो. स्कँडिनेव्हियात 1980 च्या दशकापासून सिस्टर आणि घरचे मिळून पेशंटसाठी डायरी लिहितात, गुंगीत गेलेले दिवस त्याला नंतर वाचता यावेत म्हणून. मी बाहेर बसलेल्यांना वही आणायला सांगते. आज कोण आलं, नळी कधी निघाली, एवढं लिहिलं तरी पुरे. कुणी औषधांच्या बिलांमागे लिहितात. तेही चालतं.

सगळं सुरळीत होतं असं नाही. डॉक्टरांनी सकाळी एका भावाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तीन प्रकारचं होतं, आणि रात्री पुण्याहून आलेला जावई पहिल्यापासून सुरुवात करतो. यावर माझ्याकडे उपाय नाही. तो घरच्यांनीच करायचा. डॉक्टरांशी बोलणारं माणूस एकच ठरवा. नळी किती दिवस, कुठवर, याबद्दल पेशंटला काय वाटत होतं, ते त्या माणसाला ठाऊक असू द्या. उपचार कुठे थांबवायचे याची इच्छा आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली. 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हा विषय घरी, सगळे धडधाकट असताना काढा. आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसताना चष्मा, कानाचं यंत्र आणि चालू गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या.