तहकूब सभा

२ ऑक्टोबर, रात्री

आज ग्रामसभा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांत जे कमी असेल ते लागतं. मोजले, ३१ भरले. सभा तहकूब! आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. पुढच्या वेळी चार डोकी पुरतील.

तरी शेजारच्या काकू उठल्याच. पिशवीतून गढूळ पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. "भाऊसाहेब, हे आधी प्या, मग बोलू."

ग्रामसेवक चष्मा पुसत बसले. हशा पिकला, पण इतिवृत्तात काकूंचा प्रश्न येणार नाही. सभा झालीच नव्हती ना!

मी मात्र गप्प होतो. ते बोचलं. आत्ता अर्ज लिहिला: पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? उद्या देऊन पोच घेईन. तोंडी प्रश्न विरतो, शिक्क्याचा उरतो.