आंबा घाटाची चढण आणि गाडीची पुली

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीहून कोल्हापूरला जायचा योग आला, तर एसटीत खिडकीजवळची जागा धरा. हातखंबा मागे पडला की पालीजवळ कोल्हापूरचा रस्ता मुंबई-गोवा महामार्ग सोडतो. पुढे नाणीज, दाभोळे आणि मग घाटाच्या पायथ्याचे साखरपा. दोन्ही बाजूंना तांबडी जांभ्याची माती, काजूच्या बागा आणि कलमांची गर्द सावली दिसते. सारी वाट सुमारे १३० किलोमीटरची आहे. हंगामात या वाटेवर तुमच्या एसटीच्या पुढे-मागे एक तरी हापूस भरलेली पिकअप गाडी असतेच.

साखरप्याला बहुतेक गाड्या थांबतात. चालक चहा घेतो, टायरवर हात मारून बघतो, दोरी आवळतो. यापुढे आंबा घाट लागतो. वळणावर वळण घेत रस्ता सह्याद्रीच्या कड्याला भिडतो. खाली साखरप्याची कौले लहान होत जातात आणि समोर जंगल दाट होते. पावसाळ्यात हाच घाट धुक्यात आणि धबधब्यांत हरवलेला असतो. पण आंबा जातो तो वैशाखाच्या उन्हात. पुढे एखादा मालट्रक रांगत असला, तर मागच्या सगळ्या गाड्या त्याच्या चालीने चालतात. अशा वेळी चालकाची नजर रस्त्याइतकीच तापमानाच्या काट्यावर असते.

गेल्या हंगामात या वाटेवर पाली, साखरपा आणि मलकापूर अशा तिन्ही ठिकाणी बागायतदारांनी मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, इंजिनाची पुली बदलून हलकी, लहान पुली बसवली तर गाडी घाट चांगला ओढते म्हणतात. बसवू का?" गाडी कर्जावर घेतलेली, हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा आणि पुलीला काही हजार रुपये लागणार. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करू.

पुली करते काय?

पुलीचे गणित तुम्हाला नवे नाही. फवारणीच्या पंपावर, पिठाच्या गिरणीवर ते तुम्ही रोज पाहता. फिरवणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे, बरोबर फिरणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, तिच्यावर ४ इंची पुली आहे आणि पंपावर ६ इंची, तर पंप ९६० फेरे घेणार.

गाडीतही हेच चालते. इंजिनाच्या तोंडाशी, क्रँकच्या टोकावर एक पुली असते. तिच्यावरचा पट्टा पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. कित्येक गाड्यांत रेडिएटरचा पंखाही त्याच पट्ट्यावर असतो. क्रँकची पुली ६ इंचांऐवजी ५ इंची केली, तर ही सगळी मंडळी सहाव्या हिश्शाने हळू फिरतील. त्यांना लागणारी शक्ती वाचेल आणि ती चाकांना मिळेल, असा विकणाऱ्याचा हिशेब. हिशेब खोटा नाही, पण तो अर्धाच आहे.

घाटातला हिशेब

गाडी आणि माल मिळून ३ टन धरा. वेग ताशी २० किलोमीटर आणि चढ २० फुटांना १ फूट. म्हणजे सेकंदाला साधारण २८ सेंटिमीटर उंच चढणे आले. सेकंदाला ७५ किलो वजन १ मीटर उचलणे म्हणजे १ अश्वशक्ती. या मापाने नुसते चढायलाच ११ अश्वशक्ती लागतात. टायरच्या घर्षणाला ३ धरल्या तर १४ झाल्या.

आता वाचणार किती? पंखा, पंप आणि अल्टरनेटर मिळून या वेगाला दोन-तीन अश्वशक्ती खात असतील असे धरा. अल्टरनेटरच्या बाबतीत फारसे काही वाचत नाही. दिवे आणि बॅटरी जेवढी वीज मागतात तेवढी त्याला द्यावीच लागते. सगळे मिळून अर्धी अश्वशक्ती वाचली तरी पुष्कळ म्हणायची. आणि ही अर्धी अश्वशक्ती वाचवायला दुसरा मार्गही आहे. वरच्याच हिशेबाने गाडीतले १०० किलो ओझे कमी केले, म्हणजे २० किलोचे ५ क्रेट खाली ठेवले, तरी तेवढाच फरक पडतो. त्याला पैसा लागत नाही.

गमावतो काय?

घाटात गाडी हळू चालते, म्हणून रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. सगळी भिस्त पंख्यावर असते. इंजिन मात्र पूर्ण जोर लावत असते आणि उष्णता भरपूर निर्माण होते. नेमक्या याच वेळी लहान पुली पंखा आणि पाण्याचा पंप हळू करते. पंख्याचे फेरे दहाव्या हिश्शाने घटले तर त्याची शक्ती चौथ्या हिश्शाहून जास्त वाचते हे खरे, पण हवाही दहाव्या हिश्शाने कमी खेचली जाते. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला हे चालून जाईल. वैशाखात भरल्या गाडीने घाट चढताना ते चालत नाही.

रात्रीचेही तसेच. दिवे लावून गाडी रांगत चालली असताना अल्टरनेटरचे फेरे आधीच कमी असतात. ते आणखी घटले तर बॅटरी उतरत जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कित्येक डिझेल इंजिनांच्या क्रँक पुलीत, मधला भाग आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तो शोभेचा नव्हे. सिलिंडरमधल्या प्रत्येक धक्क्याने क्रँक किंचित पिळतो आणि सुटतो. ती थरथर हे रबर आणि बाहेरचे जड कडे मिळून जिरवतात. त्याजागी सबंध ॲल्युमिनियमची हलकी पुली बसवली, तर थरथर क्रँकवरच राहते. कालांतराने क्रँकला तडा जाऊ शकतो. पुलीत किलो-दोन किलो वाचवून क्रँक गमावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

गाडी वॉरंटीत असेल, तर अशा बदलावरून दावा नाकारला जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

घाटमाथ्यावरून उद्यमनगरात

घाट संपला की आंबा गाव येते आणि हवा बदलते. मलकापूर, बांबवडे करीत गाडी उसाच्या मुलखात उतरते. पन्हाळ्याचा डोंगर दिसू लागतो आणि पंचगंगेवरचा पूल ओलांडला की कोल्हापूर. आंब्याची गाडी बाजार समितीच्या आवाराकडे वळते. तुम्ही मात्र सवड काढून शिवाजी उद्यमनगरात एक फेरी मारा. एकीकडे ओतकाम, शेजारी लेथ, पलीकडे दाते पाडणारे यंत्र. ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांवर या वस्तीचे हात तयार झाले. तिथल्या एका वयस्क मिस्त्रींना मी पुलीचा प्रश्न घातला. हातातले कॅलिपर खाली न ठेवता ते म्हणाले, "साहेब, गिरणीला सांगाल ती पुली करून देतो. गाडीची पुली कंपनीनं मापून बसवलीय. झिजली तर तीच घाला."

मला हे पटले. पंप, गिरणी, कडबाकुट्टी यांची पुली बदलून फेरे जुळवणे हे खरे किफायतीचे काम आहे, कारण तिथे इंजिन एक आणि यंत्र दुसरे असते. गाडीच्या पुलीचा खर्च मात्र दोनच वेळी करा. कड डगमगत असेल किंवा रबराला भेगा पडल्या असतील तर. तोही मूळ मापाच्या पुलीवर.

मग पैसे कुठे घालावेत?

हंगामाआधी रेडिएटरची जाळी आतून नव्हे, बाहेरूनही धुऊन घ्या. तांबडी धूळ आणि पालापाचोळा तिच्यात घट्ट बसतो. कूलंट योग्य प्रमाणात भरा, नुसते विहिरीचे पाणी नको. पट्टा चकाकत असेल, चिरला असेल किंवा ओरडत असेल तर बदला. पंख्याचा क्लच आणि थर्मोस्टॅट तपासून घ्या. हवेचा फिल्टर साफ ठेवा आणि टायरमध्ये हवा मापाने भरा. एवढे सगळे बहुधा त्या पुलीच्या किमतीत बसते.

घरातल्या बायामाणसांनी पहाटेपासून वाकून, पेंढा घालून एकेक फळ पेटीत बसवलेले असते. ती पेटी घाटातल्या वळणावर चार तास उन्हात तापली, तर वर्षाची मेहनत दरात उतरते आणि हप्ता मात्र उतरत नाही. म्हणून गाडी जोरात चढण्यापेक्षा ती न थांबता चढली पाहिजे. चार क्रेट कमी भरा, पहाटे लवकर निघा आणि पुली आहे तीच राहू द्या.