बेत बार्बाडोसचा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण साधं आहे, गेले तीन आठवडे संध्याकाळचा सगळा वेळ एका एक्सेल शीटने खाल्लाय. मे महिन्याच्या शेवटी आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, लेक आणि भारतातून आलेले आई-बाबा, कॅरिबियनमधल्या बेटावर जायचं म्हणतोय. आठवडाभर समुद्र, दुसरं काही नाही. निदान सुरुवातीला तरी बेत असाच होता.

आई-बाबांची ही न्यू जर्सीची चौथी खेप. व्हिसा पुढच्या वर्षी संपतो आणि बाबांनी जाहीर करून टाकलंय, "आता परत त्या रांगेत मी उभा राहणार नाही. तुम्हीच येत जा तिकडे." बाबा पंचाहत्तरी ओलांडलेले, बायपास होऊन सहा वर्षं झाली. ते हे सगळं हसत सांगतात, आणि आपण स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत बसतो. त्यामुळे यंदाची सुट्टी जरा जास्तच मनावर घेतली गेली आहे.

नवऱ्याचं म्हणणं, ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट घेऊन टाकू. मनगटात पट्टा बांधायचा, खायचं, प्यायचं, खुर्चीत लोळायचं, कुठे पाकीट काढायला नको. दमलेल्या माणसाला हे पटतं. मलाही पटलं होतं. पण आईने जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. "माणशी रात्रीचे साडेतीनशे डॉलर. त्यात दारू कितीची?" आता हे कुणी वेगळं सांगत नाही. "म्हणजे मी आणि हे, दोघं मिळून रोज कुणा अनोळखी माणसाच्या दारूचे पैसे भरणार. आणि मी खाणार दोन फुलके." फुलके तिथे मिळणार नाहीत, हे मी त्या क्षणी सांगितलं नाही.

हिशेब बाजूला ठेवला तरी आणखी एक गोष्ट मला खुपायला लागली. या रिसॉर्टांच्या साइट एकापाठोपाठ एक बघत गेलं की पंधराव्या साइटनंतर बेट कुठलं तेच कळेनासं होतं. तोच पूल, त्याच पांढऱ्या छत्र्या, तोच सूर्यास्त. नाव झाकलं तर जमैका, अरुबा, सगळं एकच. आता बाहेर पडायची गरजच पडू नये म्हणूनच ती जागा बांधलेली असते, त्यामुळे त्यात त्यांचा दोष नाही. पण मग इतक्या लांब का जायचं?

बेट कुठलं हे शेवटी दोन गोष्टींनी ठरलं. पहिली कागदपत्रांची. आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय, आणि बार्बाडोसला भारतीय पर्यटकांना व्हिसा लागत नाही. जमैकालाही लागत नाही म्हणा. पण जमैकात 1956 च्या कायद्यामुळे किनाऱ्यावर सर्वसामान्य माणसाचा सरसकट हक्क नाही, बऱ्याच ठिकाणी हॉटेलवाले सांगतील ते. बार्बाडोसमध्ये सगळे बीच सार्वजनिक आहेत. कितीही महागडं हॉटेल असो, समोरच्या वाळूवर कुणीही पंचा टाकून बसू शकतो. आईला हे फार आवडलं.

दुसरी गोष्ट बाबांची. ते पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "बार्बाडोस म्हणजे केन्सिंग्टन ओव्हल." झालं. मग तासभर पेपर तसाच मांडीवर.

बाबा ज्या बेटाबद्दल बोलत होते ते आमच्या एक्सेल शीटमध्ये कुठेच नव्हतं. 1962 साली मार्चमध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला लागला. कवटी फुटली, ब्रिजटाउनमध्ये तातडीने ऑपरेशन करावं लागलं. रक्त द्यायला जे पुढे झाले त्यात वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल होता. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. एकवीस वर्षांचा पतौडी कप्तान झाला. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. आजोबांनी पेपरातली ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती म्हणे. पुढे बँकेत लागल्यावर बाबा दरवर्षी रक्तदान करायचे, साठी होईपर्यंत. हे मला माहीत होतं. का करायचे, ते मला त्या दिवशी कळलं. मी आजवर विचारलंच नव्हतं, आणि त्यांनाही सांगण्यासारखं काही वाटलं नसावं.

मग 1971. वाडेकरची टीम, गावसकरच्या त्या मालिकेत चार कसोटींत 774 धावा. ब्रिजटाउनला पहिल्या डावात तो 1 वर गेला, दुसऱ्यात नाबाद 117. "आणि सरदेसाईचे 150 कुणी धरतच नाही," बाबा म्हणाले. 1997 चं मात्र ते बोलत नाहीत. 120 करायचे होते आणि सगळी टीम 81 मध्ये गारद, सचिन कप्तान. त्या विषयावर आमच्या घरात अजूनही मौन आहे. 2024 च्या 29 जूनचं तुम्हाला सांगायला नकोच. सात धावांनी वर्ल्ड कप, सूर्याचा तो झेल, रोहितने पिचवरचं गवत तोंडात टाकलं तेही इथेच.

तर हे बाबांचं बार्बाडोस. लेकीला विचारलं तर ती म्हणते, रिहानाचं गाव. गंमत म्हणजे दोघंही बरोबर आहेत. सर गारफिल्ड सोबर्स आणि रिहाना, दोघेही त्या देशाचे अधिकृत राष्ट्रवीर आहेत. रिहानाला तो मान 2021 च्या नोव्हेंबरात मिळाला, देश प्रजासत्ताक झाला त्याच वेळी. नात आणि आजोबा यांच्यात त्यावर बराच वाद झाला. कोण जिंकलं ते सांगत नाही. :)

आता जरा व्यवहाराचं. वादळांचा मोसम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत. बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या रांगेपासून पूर्वेला सुटं पडलंय, त्यामुळे बरीचशी वादळं चुकतात, पण सगळी नाही. आपली टीम वर्ल्ड कप जिंकून तिथेच अडकली ते बेरिल वादळामुळे, दिल्लीत पोचायला 4 जुलै उजाडला. त्या वादळात ब्रिजटाउनच्या कोळ्यांच्या बोटींचं फार नुकसान झालं, ते आपल्या बातम्यांत फारसं आलं नाही. म्हणून आम्ही मे धरला. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे चढे भावही तोवर उतरलेले असतात.

पण मे म्हटलं की सरगॅसम. हे तपकिरी समुद्री शेवाळ 2011 पासून ढिगांनी कॅरिबियनच्या किनाऱ्यांना लागतंय, कुजलं की वास मारतं. ते येतं अटलांटिककडून, म्हणजे बार्बाडोसच्या पूर्व आणि आग्नेय बाजूला. पश्चिम किनारा बहुतेक वेळा सुटतो. बेट जेमतेम चौतीस किलोमीटर लांब, पण दोन्ही बाजूंचे समुद्र सख्खे शेजारी वाटू नयेत इतके वेगळे. पूर्वेला बाथशेबाच्या लाटांवर सर्फिंगवाले खेळतात, पोहायला ती जागा धोक्याचीच. पश्चिमेला पाणी तळ्यासारखं.

हे मी आईला सांगत होते तेव्हा ती भाजी निवडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "लाटा नसतात म्हणतेस, खरं का?"

माझी आई गुहागरची. लोकांना वाटतं, समुद्राकाठची म्हणजे पोहणारी असणार. तसं काही नाही. माहेरची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण घराचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राला. समुद्र म्हणजे वारा, खारट हवा, गंजलेली बिजागरी. नारळी पौर्णिमेला सगळ्यांनी जायचं, नारळ सोडायचा, पाऊल बुडेपर्यंत पाण्यात उभं राहायचं आणि परत. मामा लोक पुढे जायचे, मुलींनी जायचं नाही. सत्तर वर्षांत ती घोट्याच्या वर समुद्रात गेलेली नाही. हे तिने कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही, आत्ताही नाही. फक्त परत एकदा विचारलं, "आणि तळ दिसतो?" दिसतो म्हटलं. बेट पोवळ्याच्या चुनखडीचं आहे, वाळू पांढरी, पाणी नितळ. "बरं," म्हणाली आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं.

त्या रात्री मी शीटमधली पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावरची सगळी हॉटेलं पुसून टाकली.

तर रिसॉर्ट गेलं. पश्चिमेला होलटाउनजवळ दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघराचं छोटं अपार्टमेंट बघून ठेवलंय, वाळू शंभर पावलांवर. नवरा जरा खट्टू झाला. त्याला एक दिवस रिसॉर्टचा पास घेऊन देणार आहे, खुर्चीत लोळायला. खाण्याचं जमेल. तिथला राष्ट्रीय पदार्थ कूकू आणि उडता मासा. मासा बाजूला ठेवा, पण कूकू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून लाकडी दांड्याने घोटलेलं प्रकरण, आपल्या उकडीचं लांबचं भावंड. आई म्हणाली, हे मी घरी करून बघते. रोटीही मिळते, बटाट्याची भाजी भरून गुंडाळलेली. ती आली त्रिनिदाद आणि गयानाकडून, जिथे आपले गिरमिटिये गेले. बार्बाडोसला ते जवळजवळ गेलेच नाहीत. गुलामी संपल्यावर या चिमुकल्या बेटावर मोकळ्या झालेल्या माणसांना कसायला रिकामी जमीनच उरली नव्हती, त्याच मळ्यांवर राबणं भाग होतं. मळेवाल्यांना बाहेरून मजूर आणायची गरज पडली नाही. सुट्टीच्या शीटमध्ये या गोष्टीला कॉलम नाही, पण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

आईसाठी एक सूचना मात्र मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहे. तिथे किनाऱ्यावर मँचिनील नावाची झाडं असतात, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. अत्यंत विषारी, चीकही अंगाला लागू द्यायचा नाही, पावसात त्याखाली उभं राहायचं नाही. बऱ्याच खोडांवर लाल खूण केलेली असते. रस्त्यात दिसेल ते पान चुरगळून वास घेणाऱ्या बाईला हे आधीच सांगितलेलं बरं.

उरलं केन्सिंग्टन ओव्हल. 2007 च्या वर्ल्ड कपसाठी ते जवळपास नव्याने बांधलं, त्यामुळे बाबांच्या पेपरातलं मैदान आता नाही. हे त्यांना सांगताना मला वाईट वाटत होतं, त्यांना नाही. "खेळपट्टीची जागा तीच असेल ना?" एका स्टँडला हॉल आणि ग्रिफिथ यांचं नाव आहे, तोच ग्रिफिथ. बाहेर सोबर्सचा पुतळा आहे, तो तर दिसेलच. मॅच नसताना आत सोडतील का, म्हणून ईमेल टाकलंय.

आणि एक जागा त्यांनी स्वतः शीटमध्ये लिहिली, एका बोटाने टाइप करून. केव्ह हिल. युनिव्हर्सिटीच्या आवारात फ्रँक वॉरेलची कबर आहे. वॉरेल 1967 साली गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. "फूल ठेवून येऊ," बाबा म्हणाले, आणखी काही नाही. कोलकात्यात 3 फेब्रुवारीला त्याच्या नावाने रक्तदान होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना अर्थातच माहीत होतं.

आईसाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस मागवलाय, गडद निळा. तिने तो घालून बघितला, दार लावून, आणि घडी करून साड्यांखाली ठेवलाय. विमा बायपासचा उल्लेख करून काढला, महाग पडला, पण त्यावर चर्चा नको.

तुमच्यापैकी कुणी बार्बाडोसला जाऊन आलं असेल तर एक जरूर कळवा, खालच्या हमरस्त्यापासून केव्ह हिलची चढण वयस्कर माणसाला चालत जमेल का? तिथला एक डॉलर म्हणजे अमेरिकेचा अर्धा, आणि बसचं तिकीट साडेतीन, कुठेही जा. हे बाबांना कळल्यापासून टॅक्सीचं नाव काढायची सोय राहिलेली नाही.