अमेरिकेतले दोन म्हातारे गायकी

घरातील वृद्धांना काय वाचून दाखवावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा पोथी किंवा वर्तमानपत्र असे ठरलेले असते. दोन्ही चांगलीच. तरीही मी आपणांस एका अमेरिकन कादंबरीची शिफारस करणार आहे, आणि तीही गुराख्यांची. लॅरी मॅकमर्ट्री यांची 'लोनसम डव्ह' १९८५ साली प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. गस आणि कॉल हे तिचे नायक तारुण्य ओसरलेले, एकेकाळचे टेक्सास रेंजर. आता मेक्सिकोच्या सीमेवरील एका धुळकट गावात गुरांचा धंदा करीत बसलेले. कॉल दिवसभर राबतो आणि बोलत नाही. गस दिवसभर बोलतो आणि राबत नाही. धंद्याच्या पाटीवर गस एक लॅटिन वचन रंगवतो, ज्याचा अर्थ त्याला स्वतःलाही ठाऊक नसतो. मग एके दिवशी हे दोघे हजारो गुरे हाकत उत्तरेकडे मोंटानाला निघतात. रस्ता दोन हजार किलोमीटरांहून लांब. मागोमाग दोन डुकरे आपणहून चालू लागतात.

पुस्तक इंग्रजी, पाने आठशेहून अधिक. मी ते वाचून दाखवले नाही. रोज संध्याकाळी थोडे थोडे आमच्या वऱ्हाडीत सांगितले. श्रोते दोन. माझे वडील, वय ७९, आई गेल्यापासून जवळजवळ अबोल. दुसरे त्यांचे बालमित्र, ज्यांना आम्ही काका म्हणतो. कान मंद, जीभ तिखट. दारव्हा तालुक्यात अडाण नदीच्या काठी दोघांनी लहानपणी ढोरे चारलेली. आमच्याकडे गावाची गुरे राखणाऱ्याला गायकी म्हणतात आणि सकाळी गुरे जमतात त्या जागेला आखर. त्यामुळे टेक्सास त्यांना समजावून सांगावे लागले नाही. हजारो जनावरे इतक्या दूर नेण्याचेही त्यांना नवल वाटले नाही. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांच्या लदेणीच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या होत्या. तो व्यापार रेल्वेने मोडला. अमेरिकन गुराख्यांचे लांबचे तांडे रेल्वेने आणि काटेरी तारेने संपवले.

नदी ओलांडताना सर्पदंशाने एक पोरगा मरतो, तिथे दोघे बराच वेळ गप्प होते. मात्र डुकरांवर त्यांचे एकमत कधीच झाले नाही. "डुक्कर इतकं चालतच नाही," वडील म्हणाले. सहा महिन्यांत त्यांचे ते सर्वांत लांब वाक्य असावे. काकांनी लगेच विरुद्ध बाजू घेतली.

एकाकीपणाचा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेनेही गांभीर्याने घेतला असून त्यासाठी २०२३ साली स्वतंत्र आयोग नेमला. आमच्या ओसरीवर मला इतकेच दिसत होते की वडील औषधाची वेळ विसरत, पण काकांची विसरत नसत. मुलगा-सून कितीही सेवा करोत, "बे" म्हणून हाक मारणारे माणूस वेगळेच लागते.

कथेच्या शेवटाकडे गसच्या पायांत बाण लागतात, जखमा चिघळतात. एक पाय कापला जातो. दुसरा कापू द्यायला तो साफ नकार देतो आणि जिवास मुकतो. हे सांगू की टाळू, याचा मी विचार केला व जसे होते तसे सांगितले. बराच वेळ शांतता. मग वडील काकांकडे न पाहता म्हणाले, "तुहा पाय दाखव याले."

काकांना पंधरा वर्षांचा मधुमेह. डाव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, वर हळदीचा थर. महिनाभर त्यांनी घरी कळू दिले नव्हते. वडिलांना ठाऊक होते. मित्राने शपथ घातली होती. ती त्यांनी मोडली, हे मला फार मोलाचे वाटते.

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते, रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. काटा रुतला, चप्पल लागली तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही. तेव्हा आपल्या घरी कोणी मधुमेही वृद्ध असतील तर तळवे, टाचा, बोटांमधल्या फटी रोज पाहाव्यात. त्यांना वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा आपण पाहावे. अनवाणी चालू देऊ नये, अंगणातही. जोडा घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. पाय धुण्याचे पाणी आधी कोपराने तपासावे. फोड, लाली, ओल दिसली तर हळद-चुना न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काकांची जखम भरायला अडीच महिने लागले. पाय टेकायची मनाई होती, म्हणून त्या काळात वडिलांना रोज मोटारसायकलवरून त्यांच्याकडे नेत असे. शेवटचा भाग मी तिथेच सांगितला: दिलेल्या शब्दाखातर कॉल मित्राचे शव मोंटानाहून टेक्सासपर्यंत नेतो.

"आन् मले कुठवर नेशीन?" काकांनी विचारले.

"आखरापर्यंत," वडील म्हणाले. "पुढं माहे गुडघे चालत नाहीत."

काकांना ते नीट ऐकू आले नाही. मला मोठ्याने पुन्हा सांगावे लागले.