तोड नसलेला दिवस

मुकादमानं रात्रीच सांगितलं, उद्या ऊसतोड नाही. दिवाळीच्या सुमाराला आमचं पाथर्डीचं बिऱ्हाड ट्रॉलीत चढतं आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुकच्या भीमाशंकर कारखान्याकडं येतं. मग ट्रॉली उसाला आणि आम्ही कोपीत.

सकाळीच दोन मोटारसायकलींवर चौघं निघालो. आधी लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या. डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्याला त्याचं काय! गणपती सातव्या लेण्यात, पण लेणी मुळात बौद्ध भिक्खूंची. पावसाळाभर एका जागी राहायचं, मग चालू लागायचं. आमचंही तेच की, फक्त आमच्या डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल असते.

पुढं नाणेघाट. गुहेच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी, सगळ्यांचे आकडे कोरलेले. हिशेब असा दगडावर हवा, मुकादमाच्या वहीत नको. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण पाहून एकजण म्हणाला, “हा भरला तरी आपली उचल फिटायची नाही.”

शिवनेरी राहिला. आमच्या बायका मात्र दिवसभर धुणं आणि सरपणात. सुट्टी ती आम्हालाच. पुढच्या वेळी त्याही येणार म्हणतात. म्हणजे ट्रॉलीच जोडावी लागेल.