सर्वेक्षणाचा कागद पुढे कुठे जातो?

आमच्या मोहल्ल्यात वर्षा-दोन वर्षांनी कुणी ना कुणी प्रश्नावली घेऊन येतेच. कधी एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी, कधी पीएचडी करणारे, कधी एखादी संस्था. उर्दू शाळेची शिक्षिका म्हणून घरे दाखवायला मला सोबत नेतात. घरात कमावते किती, फ्रिज आहे का, मुलीची शाळा कितवीत सुटली? बायका चहा देतात, उत्तरे देतात आणि निघताना मला हळूच विचारतात, "आपा, इससे हमें क्या मिलेगा?"

लगेच काही मिळत नसते, हे मी समजावते. पण ज्यांनी उत्तरे दिली त्यांना निदान निष्कर्ष तरी कळावा की नाही? आजवर एकही प्रबंध मोहल्ल्यात परत आलेला मी पाहिलेला नाही.

बीएडला आम्हाला 'कृती संशोधन' होते. ज्यांनी बीएड केले आहे ते आता हसतील. समस्या, उद्दिष्टे, गृहीतक, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, स्पायरल बायंडिंग. मागच्या बॅचची फाइल समोर ठेवून पुढची बॅच लिहिते. या शब्दाचा इतिहास मात्र आम्हाला कुणी सांगितला नाही. कर्ट लेविन हा जर्मनीतला ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, 1933 मध्ये, तो देश सोडून अमेरिकेत गेला. 1946 साली त्याने कृती संशोधनावर निबंध लिहिला, आणि त्याच्या शीर्षकातच अल्पसंख्याकांचे प्रश्न आहेत! आधी योजना, मग कृती, मग काय झाले त्याची तपासणी, त्यावरून पुढची योजना, असे त्याचे चक्र होते. ज्ञान पुस्तकातच राहिले तर त्याला ते अपुरे वाटत होते. एका अल्पसंख्य माणसाने अशा प्रश्नांसाठी मांडलेले हत्यार आपल्याकडे वीस गुणांची फाइल होऊन बसले.

आपल्या कौमबद्दलचे सर्वांत गाजलेले संशोधन म्हणजे सच्चर समितीचा अहवाल, नोव्हेंबर 2006 चा. त्याचे मोल मोठे आहे. मुसलमानांची मुले मदरशातच जातात, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना त्या अहवालाने आकडा दाखवला: शाळेच्या वयाच्या मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे 3 टक्के. 6 ते 14 वयोगटातली साधारण चौथाई मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली, हेही त्यानेच सांगितले. माझ्यासारखीला भांडायला पुरावा मिळाला. पण सोमवारी वर्गात जाऊन काय करायचे, हे देशभराची सरासरी सांगू शकत नाही. मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्याचा मुलगा आणि रत्नागिरीत घरी कोकणी मराठी बोलणारी मुलगी, दोघे त्या सरासरीत एकच आहेत.

सोमवारच्या कामाचे संशोधन होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच मुंबईतले आहे. 'प्रथम' संस्थेने तिथे आणि वडोदऱ्यात बालसखी उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले रोज दोन तास वस्तीतल्याच एका शिकलेल्या तरुणीकडे बसायची. याचा खरेच फायदा होतो का, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्गांना बालसखी देऊन, काहींना न देता, तुलना करून तपासले. फायदा होत होता. पुढे 2019 च्या नोबेलमुळे ही नावे सर्वांना कळली. प्रश्न उपक्रम चालवणाऱ्यांचा होता आणि उत्तर त्यांच्याच हाती लागले, हे मला नोबेलपेक्षा महत्त्वाचे वाटते. प्रथमच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे नाव 'असर' आहे. शब्द आमच्या उर्दूचा, म्हणून जरा जास्तच आवडतो!

आमच्या शाळेतल्या मुली सातवीनंतर घरी बसायच्या. "पालकांनाच आस्था नाही," हे ठरलेले उत्तर. आम्ही दोघी शिक्षिकांनी घरोघरी जाऊन एकच विचारले: काय झाले तर पाठवाल? आस्था नसलेले घर क्वचितच भेटले. काहींना बसची अडचण होती, संध्याकाळची बस अंधार पडल्यावर यायची. बऱ्याच मुलींना धास्ती वेगळीच होती. जवळचे हायस्कूल मराठी माध्यमाचे. कालपर्यंत जे 'जियाई तालीफ' होते ते एकदम 'प्रकाशसंश्लेषण' कसे होणार? 'नसबनुमा'ला 'छेद' म्हणतात हे ठाऊक नसेल, तर अपूर्णांक येत असूनही मुलगी गप्प बसते, आणि वर्गात तिला ढ ठरवतात.

हे आमच्या हातातले होते. विज्ञान-गणिताच्या उर्दू-मराठी शब्दांच्या याद्या केल्या, सातवीच्या दुसऱ्या सत्रात रोज अर्धा तास दिला. जूनमध्ये काही मुलींनी मराठी हायस्कूलात नाव घातले. याद्यांमुळेच घातले का? थोरल्या बहिणीचे पाहून, की स्कॉलरशिपमुळे? हे वेगळे करून दाखवणे आम्हाला जमत नाही. इथे विद्यापीठातली माणसे हवीत. प्रश्नावली घेऊन येणाऱ्यांना मी आता हाच प्रश्न देते. एका मुलाने तो वहीत लिहून नेला आहे.

बसची अडचण असलेल्या मुली अजून घरीच आहेत. त्यांना शब्दयादीचा काय उपयोग? बसची वेळ अलीकडे आणावी, असा अर्ज आम्ही दिला आहे. सोबत घरांची यादी, मुलींचे वय आणि शाळा सुटण्याची वेळ असा तक्ता जोडला आहे. त्याची एक प्रत आयांनी वाचावी म्हणून शाळेच्या फलकावर लावली आहे.